बंधाचे कारण ऊर्जेत आहे

पूर्वपरीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की शिक्षक-वाचकांची तक्रारपत्रे येऊ लागतात. यंदा बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नावर आहे : सोडियम क्लोराइड कसे तयार होते? ‘सोडियम इलेक्ट्रॉन देऊन अष्टक पूर्ण करतो व स्थिर होतो’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण. विरुद्ध प्रभारांच्या आयनांमधील आकर्षणाने स्फटिक बनतो आणि ऊर्जा बाहेर पडते, असे लिहिणाऱ्याचा मात्र गुण कापला, कारण ते शब्द आदर्श उत्तरपत्रिकेत नव्हते. विषय समजलेल्या मुलाचे नुकसान करणारी ही तपासणी आम्हाला मान्य नाही.

हिशेब आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वायुरूप सोडियमच्या एका मोलमधून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरीनने ते स्वीकारल्यावर ३४९ सुटतात. दोघांची अष्टके पूर्ण झाली, तरी १४७ किलोज्यूलची तूट उरतेच. ती भरून निघते जालक ऊर्जेने, मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल. म्हणजे आदर्श उत्तर जिथे थांबते तिथे मीठ अजून बनलेलेच नसते. सहसंयुज बंधातही तेच. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन, सल्फर हेक्झाफ्लुओराइडच्या मांडणीत सल्फरभोवती बारा. तरी दोन्ही संयुगे खुशाल अस्तित्वात आहेत. ‘धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक’ हे सूत्र तर ॲल्युमिनिअम क्लोराइडपाशीच कोसळते. ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास संप्लवन पावते आणि त्याच्या वाफेत जोड-रेणू असतात. उलट ॲल्युमिनिअम फ्लुओराइड हजार अंशांपलीकडेही घनरूप राहते. धातू तोच, पण लहान आणि त्रिप्रभारी ॲल्युमिनिअम आयन मोठ्या क्लोराइडचा इलेक्ट्रॉन-मेघ आपल्याकडे ओढतो, हे फायान्सने १९२३ मध्येच सांगितले. विद्युतऋणतेतील १.७ च्या फरकाची रेघही अशीच : हायड्रोजन फ्लुओराइड ती ओलांडते, पण साडेएकोणीस अंशांना उकळते. इलेक्ट्रॉन-जोडीची कल्पना मांडणाऱ्या लुईसनेही १९१६ च्या निबंधात दोन्ही टोकांमधला बदल क्रमाक्रमाने होतो असेच म्हटले होते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, आठवी-नववीच्या मुलाला जालक ऊर्जा झेपणार नाही. आकडे नकोत, पण विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात हे त्याला ठाऊक असते. कारण तेवढ्यात सांगता येते. अष्टकही टाकून द्यायचे नाही, सूत्र लिहायला ते उपयोगी आहे. फक्त त्याला कारण म्हणू नये. दुसरा आक्षेप तपासणीत एकवाक्यता हवी हा. ती हवीच, परंतु एकवाक्यता आशयाची असते, शब्दांची नव्हे, आणि ‘किंवा तत्सम अचूक उत्तर’ ही ओळ छापायला खर्च येत नाही. खरी अडचण आपल्यातच आहे. नियामकांच्या बैठकीत मान डोलावून बाहेर पडायचे आणि मग आम्हाला पत्र लिहायचे, हे पुरे झाले. पुढच्या बैठकीला वरचे आकडे घेऊन जा, ही ओळ लेखी मागा आणि नकार मिळालाच तर तोही लेखी घ्या. ते उत्तर आमच्याकडे पाठवा. आम्ही ते छापू.