पडद्यावरचा देह

गेल्या चवथीला घर भरलेलं होतं, म्हणून मी देहदानाचा अर्ज बाहेर काढला. नातलगांच्या सह्या लागतात. (सणाच्या दिवशी असला कागद काढला, वेळ चुकलीच माझी.) धाकटा भाऊ अर्ज वाचून म्हणाला, "दादा, आता डॉक्टरकीची पोरं कॉम्प्युटरवरच शिकतात. तुझा देह कोणाला हवाय?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य मनातून जाईना.

पूर्वी याच घरात देहदानाला विरोध व्हायचा तो पिंडाच्या आणि अस्थींच्या नावाने. त्याच्याशी वाद घालता यायचा, त्यात निदान श्रद्धा होती. हा नवा युक्तिवाद मात्र निव्वळ आळशी आहे. आणि तो शिकल्यासवरल्यांच्या तोंडीही ऐकू येतो.

टेबलाएवढा पडदा असतो. बोट लावलं की त्वचा, स्नायू, नसा थराथराने उलगडतात. रसायनांचा वास नाही, आणि चुकलं तर देह पुन्हा अखंड! उजळणीला उत्तम साधन आहे, नाकारत नाही. पण पडद्यात शिरलेला देह येतो कुठून? १९९३ साली टेक्सासात देहदंड झालेल्या एका कैद्याने देह विज्ञानाला दिला होता. तो गोठवून, एकेक मिलिमीटरचे काप काढून त्याची चित्रं १९९४ साली सर्वांसाठी खुली झाली. म्हणजे पडद्यालाही कुणाचा तरी देह लागलाच ना?

आणि देह सगळ्यांचे सारखे नसतात. आता अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट थोडं वाकवा. बहुतेकांच्या मनगटावर मधोमध दोरीसारखा एक स्नायुबंध वर येतो. काहींना तो नसतोच, काहींना एकाच हाताला असतो. माझ्या डाव्या हाताला नाही. तो नसला म्हणून बिघडत नाही, पण पित्ताशयाकडे जाणारी धमनीसुद्धा माणसागणिक वाट बदलते, आणि तिथे चित्रावर विसंबून कात्री चालवली तर भलतीच नळी कापली जाते.

युरोपात एके काळी प्राध्यापक उंच आसनावरून गेलेनची पोथी वाचायचे, खाली न्हावी देह कापायचा, विद्यार्थी लांबून बघायचे. गेलेनने जनावरं फाडून लिहिलेल्या चुका शतकानुशतकं खऱ्या मानल्या गेल्या. व्हेसेलियसने स्वतः सुरी हातात घेतली आणि १५४३ साली ग्रंथ छापून त्या दाखवून दिल्या. देहाऐवजी पडदाच आला, तर ते उंच आसन परत आलं म्हणायचं. आणि ऊठसूट सुश्रुताचं नाव घेणाऱ्या आपण तर लाजायलाच हवं. प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवा, मग थर घासत डोळ्यांनी पाहा, असं सांगणारा तो!

१९९७च्या नियमांनी आपल्याकडे दीड वर्षाचा पहिला टप्पा एका वर्षावर आणला. २०१९च्या अभ्यासक्रमात मृतदेह आदराने हाताळायला शिकवावं असं लिहिलं, ते चांगलंच झालं. पण देहच आला नाही, तर आदर कोणाचा करायचा? पणजीत १८४२ साली सुरू झालेली आपली वैद्यकशाळा आज बांबोळीला आहे. कुणी अत्यवस्थ झालं की आपण तिथे धावतो, आणि डॉक्टरचा हात सराईत असावा अशी आपली अपेक्षा असते. तो सराईत व्हायचा कुणाच्या देहावर? तर दुसऱ्याच्या!

भावाची सही अजून झालेली नाही. भावजयीने मात्र त्याच रात्री, भांडी आवरून झाल्यावर, माझ्याकडे पेन मागितलं.