बळ कोणासाठी?

महानायकांत बलवत्तर कोण, यावर तरुण तासन्‌तास वाद घालतात. खरा प्रश्न निराळाच आहे. १९३८ साली अवतरलेल्या सुपरमॅनला उडताही येत नव्हते. मैलाचा आठवा भाग उडी, एवढीच त्याची झेप. चित्रपटांनी त्याचे बळ वाढविले. विवेक मात्र दर वेळी वाढला नाही. १९८०च्या ‘सुपरमॅन २’मध्ये नागरिकांचे प्राण धोक्यात येताच तो झुंज सोडतो आणि जनरल झॉडला नगरापासून दूर नेतो. २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये त्याच झॉडशी लढताना गगनचुंबी इमारती कोसळतात. एका कुटुंबाला वाचविण्यासाठी झॉडचा वध अटळ होता, हे मान्य. पण ढिगाऱ्याखालील माणसांचे काय? २०१६च्या पुढील चित्रपटाचा आरंभ त्याच ढिगाऱ्यातून करावा लागला. २०२५चा सुपरमॅन मात्र महाकाय प्राण्याशी झुंजताना एका खारीलाही वाचवितो. पराक्रमाची खरी मोजणी ती हीच.

महाराष्ट्राला हे नवे नाही. समर्थ रामदासांनी चाफळला दोन मारुती स्थापिले: प्रतापमारुती आणि श्रीरामापुढे हात जोडलेला दासमारुती. दास्यावाचून प्रताप म्हणजे केवळ विध्वंस!