बोटभर गोगलगायीचा फोटो

मालवणहून परतणारी मंडळी सिंधुदुर्ग किल्ल्याचे फोटो आणतात. आम्ही कचेरीतले चौघे मात्र तेथे गेलो समुद्री गोगलगायींचे फोटो काढायला. "त्या तर पावसाळ्यात मोरीतही निघतात," असे घरून ऐकून घ्यावे लागले.

पण ही गोगलगाय वेगळी. बाल्यावस्थेत हिला कवच असते, पुढे ती ते टाकून देते. मग शत्रूपासून बचाव कसा? पुष्कळ जाती स्पंज खातात आणि त्यातली विषारी द्रव्ये स्वतःच्या अंगात साठवतात. काही जाती डंख मारणारे जलचर खाऊन त्यांचेच डंख आपल्या पाठीवरच्या शेंड्यांत भरून ठेवतात! अंगावरचे भडक रंग ही माशांना दिलेली ताकीदच असते. 'ती' म्हणायचे ते आपल्या सोयीसाठी. प्रत्येक जीव नर आणि मादी दोन्ही असतो.

आम्ही आधी रीतसर प्रशिक्षण घेतले होते. कॅमेरा मात्र उसना. सहा-सात मीटर खोलीवर पहिली पंधरा मिनिटे आम्हांला काहीच दिसले नाही. आमचा वाटाड्या मालवणचाच, मच्छीमाराच्या घरातला. त्याने बोटीवरच सांगून ठेवले होते की गोगलगाय शोधू नका, तिचे खाणे शोधा. खडकावरचा एकेक स्पंज निरखत गेलो तेव्हा आधी अंड्यांची गुंडाळलेली फीत दिसली आणि वीतभर अंतरावर ती स्वतः. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी.

पाण्यात तांबडा रंग थोड्याच खोलीवर नाहीसा होतो, म्हणून फ्लॅश हवाच. पायांतले पंख जोरात हलवले की गाळ उठतो आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. कॅमेरा तिच्या पातळीला आणून डोक्यावरच्या दोन शिंगांवर नेम धरावा. ती शिंगे म्हणजे तिचे नाक. डोळ्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसे कळत नाही.

इतक्यात दुसऱ्या बोटीवरचे एक हौशी गृहस्थ आले. तिला उघड्या खडकावर ढकलण्यासाठी त्यांनी काडी लावली. तिने पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा झटकन आत ओढून घेतला. आमच्या वाटाड्याने त्यांचे मनगट धरले आणि नुसती मान हलवली. त्याचे बरोबरच होते. अन्नापासून दूर टाकलेली गोगलगाय परत कशी यायची? शिवाय १९८७ पासून मालवणला सागरी अभयारण्य आहे. तुरा पुन्हा बाहेर येईपर्यंत आम्ही थांबलो. टाकीतली हवा संपत आली होती; दोनच फोटो मिळाले, त्यांतला एक स्वच्छ आहे.

ज्यांना बुडी मारणे जमणार नाही त्यांच्यासाठी मुंबईचा खडकाळ किनारा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला हाजी अलीजवळच्या डबक्यांतही समुद्री गोगलगायी सापडतात. एका जातीला तर १९४६ साली मुंबईवरूनच 'बॉम्बेयाना' हे नाव मिळाले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने अशा किनारा-फेऱ्या लोकांना ठाऊक करून दिल्या. मुलांना जरूर न्यावे. पायांत बूट असावेत, आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवावा.