घरातलं एक तोंड कमी

“आईबापच पोरांना कामाला लावतात, मग आपण काय करणार?” बालमजुरीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मैत्रिणींनो, त्या आईबापांच्या घरात जरा डोकावून तर पाहू.

सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीतली दहा वर्षांची मुलगी नाशिकच्या दवाखान्यात दगावली. ती नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात मेंढपाळांकडे राबत होती. चौकशी झाली, तशी अशी आणखी मुलं समोर आली. वर्षाला काही हजार रुपये आणि एखादी मेंढी, एवढ्यावर व्यवहार. वेठबिगारीवर कायद्याने बंदी आली ती १९७६ साली!

अशा घरांकडे बहुधा जमीन नसते. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद, हाताला काम नाही. आजारपण किंवा लग्न निघालं की उचल घ्यायची, कारण पतपेढी त्यांना दारातही उभं करत नाही. त्यात कुठे नवऱ्याची दारू. तेवढ्यात कोणी म्हणतं, “पोराला पोटभर जेवू घालतो.” आईला पैशांपेक्षा ते जेवणच मोठं वाटतं. खाणारं एक तोंड कमी होतं ना! तिला निर्दय म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही.

दुसरी मजुरी तर आपल्या नजरेतच येत नाही. निफाड-दिंडोरीकडे आई सकाळीच द्राक्षबागेत जाते. अंगणवाडी तान्ह्याला दिवसभर सांभाळत नाही. मग थोरली घरी राहते. २०१६ च्या दुरुस्तीने मुलांना शाळेव्यतिरिक्तच्या वेळात घरच्यांना मदत करायची मुभा दिली. थोरलीची शाळाच त्या मदतीत बुडते. आधी आठवड्यातून दोन दिवस, मग कायमची. पुढे तीच बागेत, नाहीतर कुणाच्या घरी बाळ सांभाळायला.

ते घर आपलंही असू शकतं. “बिचारीला खायला-ल्यायला मिळतं,” असं म्हणून आपण दहा-बारा वर्षांची पोर ठेवतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे.

बचत गटात हा विषय काढा. अडचणीत असलेल्या बाईला गटातून वेळेवर दोन हजार मिळाले, तर मुकादमाची उचल टळेल. हंगामात बागेजवळ पाळणाघर हवं, हे ग्रामसभेत मागा. आणि एखादं मूल राबताना दिसलं, तर १०९८ वर फोन करा. पैसे पडत नाहीत.