आजीची गोळी आणि न सापडलेली फाइल

आमचं घर हातोदला. घरात मराठी, ओट्यावरून खाली उतरलं की हिंदी आणि माळवी. इंदूरच्या आसपासच्या आपल्या बऱ्याच घरांची हीच तऱ्हा.

दिवाळीत पुतणी पुण्याहून आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजीच्या गोळ्यांच्या वेळा चुकतात, म्हणून तिने जावात एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मूळ प्रोग्रॅम हिंदीत. मराठीसाठी वेगळं फोल्डर: त्यात 'साडेआठ वाजले' असं शब्दांत सांगणारा एक क्लास आणि बाकीच्या वाक्यांची एक प्रॉपर्टीज फाइल. पुढे कुणाला दुसरी भाषा हवी असेल तर नुसतं फोल्डर टाकायचं, मूळ प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. त्यासाठी तिने स्वतःचा क्लासलोडर लिहिला.

प्रोग्रॅम सुरू झाला. वर 'साडेआठ वाजले' आलं, पण खाली 'दवाई ले लीजिए'. एरर कुठेच नाही.

"राहू दे गं, मला हिंदी कळतं की," आई म्हणाली. पुतणीचा चेहरा पडला. मला मात्र ते 'राहू दे' लागलं.

मग आम्ही दोघं बसलो. जावातले क्लासलोडर एकत्र कुटुंबासारखे असतात. सगळ्यांत वर बूटस्ट्रॅप, मग प्लॅटफॉर्म, मग ॲप्लिकेशन आणि शेवटी आपण लिहिलेला. काही हवं असेल तर आधी वडीलधाऱ्यांना विचारायचं. त्यांच्याकडे नसेल तरच स्वतः शोधायचं. क्लास शोधायची स्वतःची जागा म्हणजे फाइंडक्लास. ती पुतणीने लिहिली होती, म्हणून क्लास सापडला. पण फाइल, चित्र, आवाज यांची जागा वेगळी: फाइंडरिसोर्स. ती न लिहिल्यास उत्तर मिळतं नल, म्हणजे 'नाही'.

"पण काका, मग एरर का नाही आली?"

कारण रिसोर्सबंडल फार समजूतदार. मराठी फाइल मिळाली नाही तर तो संगणकाच्या भाषेची फाइल बघतो, तीही नसेल तर मूळ फाइल उचलतो. इथे मूळ फाइल हिंदी होती. काम निभावलं, म्हणून काही हरवलंय हे कुणाला कळलंच नाही.

तिने फाइंडरिसोर्समध्ये फोल्डरातल्या फाइलचा यूआरएल परत दिला. एकाच नावाच्या अनेक फाइल लागल्या तर म्हणून फाइंडरिसोर्सेसही लिहिलं. बंडल मागताना आपला लोडर सोबत द्यायचा, हे आधीच केलेलं होतं. खरं तर तयार यूआरएलक्लासलोडर वापरला असता तर हे सगळं आयतं मिळालं असतं. पण मग कळलं नसतं. एक सावधगिरी: त्याच नावाची फाइल वरच्या लोडरकडे असेल तर तीच आधी मिळते. म्हणून नाव वेगळं ठेवावं.

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर मात्र मराठीऐवजी विचित्र चिन्हं उमटली. तिथे जावा ८ होतं. प्रॉपर्टीजचं बंडल यूटीएफ-८ मध्ये वाचायची सोय जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून आली. त्याआधी देवनागरी अक्षरं युनिकोडच्या सांकेतिक क्रमांकांनी लिहावी लागत. आम्ही जावाच नवं टाकलं.

रात्री साडेआठला पडद्यावर आलं: 'आजी, गोळी घेतलीस का?'

आईने चष्मा लावून वाचलं. "घेते गं बाई," ती पडद्यालाच म्हणाली आणि पाण्याचा पेला मागितला.

तुम्ही मुलं प्रोग्रॅम लिहाल तेव्हा एवढं करा: मराठी फाइल मुद्दाम काढून बघा. तरीही सगळं सुरळीत दिसलं, तर मराठी नाहीशी झाल्याचं तुमचा प्रोग्रॅम तुम्हाला सांगणार नाही. तिथे एक सूचना छापायची ओळ घाला.