खाडीचा श्वास

समुद्र दिवसातून दोनदा खाडीत येतो आणि दोनदा परत जातो. हाच खाडीचा श्वास. चेन्नईच्या अड्यार नदीच्या मुखाशी हा श्वास वरचेवर कोंडतो.

थिऑसॉफिकल सोसायटीच्या वनराईला वळसा घालून समुद्राला मिळणारी ही नदी शहरातले सांडपाणी बरोबर घेऊन येते. ती घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग मासे गुदमरतात, काळ्या गाळातून सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो आणि काठावरच्या कोळ्यांचे जाळे रिकामे परतते. भरतीचे ताजे पाणी प्राणवायू आणते आणि ओहोटी थोडी घाण बाहेर नेते.

मात्र मुंबईत मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरवर चढते. चेन्नईत चढउतार जेमतेम एक मीटरचा. त्यात किनाऱ्यालगत सरकणारी वाळू नदीच्या तोंडाशी साचून बांधच घालते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात नदीला जोर आला की तो फुटतो आणि उन्हाळ्यात पुन्हा उभा राहतो. यंत्रे लावून वाळू काढावी, तर लाटा ती परत आणून टाकतात. घरातल्या केरासारखेच हे काम, एकदा काढून भागत नाही. आणि ते टाळूनही चालत नाही. डिसेंबर २०१५ च्या महापुरात अड्यारचे पाणी घराघरांत शिरले होते. अशा वेळी नदीचे तोंड मोकळे असणे किती गरजेचे, हे सांगायला नको.

सुधारणा अशक्य नाही. मुखाजवळच्या अड्यार खाडीत वर्षानुवर्षे राडारोडा आणि कचरा पडत होता. त्यातील ५८ एकर जागा साफ करून तळी खणली, खारफुटी आणि स्थानिक झाडे लावली. प्राचीन तमिळ व्याकरणकाराच्या नावाने ओळखले जाणारे हे तोल्काप्पिय उद्यान २०११ मध्ये खुले झाले. आज तिथे पक्षी उतरतात आणि शाळकरी मुले खारफुटी ओळखायला शिकतात.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भरती पाणी बदलते, नळातून येणारी घाण थांबवत नाही. गटारांचे पाणी शुद्ध न करता सोडले, तर समुद्राने कितीही वेळा येऊन काय उपयोग? आणि ती घाण येते कुठून? आपल्याच मोरीतून. वापरलेले तेल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, उरलेली औषधे मोरीत टाकायची नाहीत, एवढे तरी घरातून सुरू करता येईल. मुंबई असो वा चेन्नई, खाडी आपल्या दारापासूनच सुरू होते.