प्रत आणि पाठभेद

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचे अखेरचे अमेरिकी सेंट पाडले गेले. सर्वसामान्य अमेरिकी माणूस ज्याला 'पेनी' म्हणतो, ते हे नाणे. १७९३ पासून चालत आलेली परंपरा थांबली, याचे कारण निव्वळ हिशेबाचे होते: एक सेंट पाडायला साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येत होता. नाणी कायद्याने अजून ग्राह्य आहेत, घरोघरच्या बरण्यांत पडून आहेत. परंतु नवी भर संपली. वाङ्मयाच्या परिभाषेत सांगायचे तर संहिता पूर्ण झाली, आता उरले ते वाचन. या नाण्यांचे संग्राहक हे वाचन कसे करत आले आणि अलीकडे ते कसे सोडून देत आहेत, हा विषय साहित्याच्या अभ्यासकाला वाटतो तितका परका नाही.

मराठीतील 'प्रत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पोथीची नक्कल म्हणजे प्रत, आणि मालाचा दर्जा म्हणजेही प्रत. पेनीचे संग्राहक नेमके या दोन अर्थांवरून विभागले गेले आहेत. एक विचारतो, 'हे नाणे कोणत्या प्रतीचे आहे?' दुसरा विचारतो, 'ही कोणती प्रत आहे?' हे दोन प्रश्न एकच नव्हेत, आणि पहिल्याने दुसऱ्याला गिळून टाकू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरा प्रश्न आधी घेऊ. उठावाच्या एका मूळ ठशावरून पोलादी साचे दाबून काढतात आणि एकेका साच्यातून लाखो नाणी निघतात. जुन्या पद्धतीत एका दाबाने साचा नीट उमटत नसे. तो तापवून मऊ करून पुन्हा ठशाखाली ठेवावा लागे. दुसऱ्या वेळी तो किंचित फिरला, की अक्षरे दुहेरी उमटत, आणि त्या साच्याच्या प्रत्येक नाण्यात तो दोष उतरे. लेखनिकाची चूक तिच्यावरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत जावी, तसाच हा प्रकार. १९५५ साली फिलाडेल्फियात एका साच्याचे असे झाले. चूक लक्षात आली तोवर ती नाणी इतर नाण्यांच्या ढिगात मिसळली होती, आणि सगळा ढीग वितळवण्यापेक्षा ती जाऊ देणे टांकसाळीला सोयीचे वाटले. वीस हजारांहून अधिक अशी नाणी बाहेर पडली. त्यांतली पुष्कळशी सिगारेटच्या पाकिटांतून लोकांच्या हाती गेली: यंत्रात २५ सेंट टाकायचे, पाकीट २३ सेंटांचे, आणि उरलेले दोन सेंट वेष्टनातच ठेवलेले असत. नाणे पडताना साचा थरथरल्यानेही अक्षर दुहेरी भासते. पण तो त्या एका आघातापुरता अपघात, साच्याचा पाठ नव्हे. हा फरक ओळखणे हा संग्राहकाचा पहिला धडा असतो. आपल्याकडे पाठभेद कोणता आणि शाई फिसकटलेली कोणती, हे ठरवताना याहून वेगळे काही करावे लागत नाही.

१९८२ चे उदाहरण तर पाठचिकित्सेच्या वर्गात सांगावे असे आहे. तांबे महागल्याने त्या वर्षी मध्येच धातू बदलला. ९५ टक्के तांब्याच्या जागी तांब्याचा मुलामा दिलेले जस्त आले. सालाचे आकडेही थोरले आणि धाकटे असे दोन परींचे निघाले. दोन धातू, दोन आकडे, आणि डेन्व्हरचे 'डी' हे चिन्ह असलेली व नसलेली नाणी. गणिताने आठ पाठ व्हायला हवेत. पण चौतीस वर्षे सातच ठाऊक होते. आठवा, म्हणजे डेन्व्हरचा, तांब्याचा, धाकट्या आकड्यांचा, २०१६ मध्ये एका संग्राहकाला सापडला. तो सापडला तराजूमुळे, कारण तांब्याचे नाणे ३.११ ग्रॅम भरते आणि जस्ताचे २.५. आणि ते नाणे चलनात फिरलेले होते.

आता पहिला प्रश्न. नाण्याची प्रत १ ते ७० या अंकांत सांगण्याची पद्धत विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये जुन्या मोठ्या सेंटांसाठी मांडली. मुळात तो अंक किमतीची पट सांगणारा होता. सर्वांत हलक्या नाण्याची किंमत एक, तर निर्दोष नाण्याची सत्तर. बाजारभाव बदलले, पट कोलमडली, अंक मात्र राहिला. १९८६ पासून व्यावसायिक संस्था नाणे पारखून, अंकासह प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देऊ लागल्या. आज अर्वाचीन पेनीच्या बाबतीत शेवटच्या एका अंकाने किंमत अनेक पटींनी चढते, आणि तो अंक पेटीवरच्या चिठ्ठीवर वाचला जातो.

शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ होता. माणसांच्या देहांचेही त्याने तीन प्रकार पाडले, त्यांना अंक दिले, आणि त्यांवरून स्वभाव सांगता येतो असा दावा केला. विज्ञानाने तो पुढे नाकारला. त्याच्या मृत्यूनंतर असे उघडकीस आले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्यांच्या जागी त्याने हलकी ठेवली होती. प्रत लावणाऱ्यानेच प्रत बदलली! हे उघड झाले ते जुन्या छायाचित्रांशी एकेक नाणे, त्यावरील एकेक ओरखडा ताडून पाहिल्यामुळे. चोरी पकडली ती वाचनाने. अंकाला ती पकडता आली नसती.

प्रतवारी निरर्थक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. अक्षरे झिजली की दुहेरीपण दिसत नाही. तांब्याचा मूळचा लाल रंग टिकलेले नाणे हे टांकसाळीतून निघालेल्या क्षणाचे साक्षीदार असते. पोथी जीर्ण असली तर पाठ लागत नाही, तसेच हे. म्हणूनच उत्तम प्रत हे वाचनाचे साधन आहे. आक्षेप आहे तो साधनच साध्य होण्याला. ज्याला अंक पुरतो, त्याला नाणे पाहण्याची गरज उरत नाही. आणि विद्यार्थ्याची श्रेणी पाहून उत्तरपत्रिका बाजूला ठेवण्याची सवय आपल्यालाही आहेच.

एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे होत्या त्या उतरवून घेतलेल्या, वापरातल्या पोथ्या. येथे तुलना थोडी लंगडी पडते, हे मान्य केले पाहिजे: पोथी हातोहाती गेली की पाठभेद वाढतात, नाणे हातोहाती गेले की ते पुसले जातात. पण दोन्हीकडे वाचणाऱ्याचे काम एकच, ते म्हणजे समोरच्या वस्तूकडे पाहणे.

अमेरिकेहून परतलेल्या एका नातलगाने मागे मूठभर सुटे सेंट मला दिले होते. त्यांत १९८२ चे एक निघाले: काळवंडलेले, लिंकनचा गाल झिजलेला, टांकसाळीचे चिन्ह नसलेले. ते सोनाराकडे नेले. त्याने काट्यावर ठेवले आणि विचारले, 'याचं काय करणार?' काटा ३.०८ दाखवत होता. तांबे, भिंगाखाली आकडे थोरले. म्हणजे त्या वर्षीचा अगदी सामान्य पाठ. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही आणि कोणी त्याला पेटीत बंद करणार नाही. तरी ते माझ्या टेबलावर आहे, कारण ते मी वाचले आहे.